सागवानी पेटीतलं मीटर आणि दोनशे पिवळी पत्रकं

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, शहागंजातल्या एका मोटार वाइंडिंगवाल्यावर अन्याय झाला. त्यांनी दुकान उघडायला शटरला हात घातला, तर शटरवर एक पिवळं पत्रक चिकटवलेलं. मथळा होता, 'लाइन चोख, वाइंडिंग खोटं'. खाली त्यांच्या दुकानाचं नाव. ते पत्रक मी लिहिलं होतं.

वस्तीच्या प्रश्नांवर लढणाऱ्या आमच्या गटात पत्रक लिहायला शिकवतात ते असं: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी, मधे रडगाणं नको. तशी मी बरीच लिहिली. रेशनवर लिहिलं, नळाच्या पाण्यावर लिहिलं, शाळेच्या गळक्या छतावर लिहिलं. प्रत्येकात अन्याय करणारा दुसरा कुणीतरी होता. हे लिहिताना पहिल्यांदाच ती जागा मला माझ्यासाठी मोकळी करावी लागतेय.

मी हर्सूलला राहते आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. मोजायची यंत्रं हे माझं तिथलं काम आणि घरचं वेडही. भंगारातून जुनी मीटरं आणायची, उघडायची, चालती करायची. आई म्हणते, "लोकाच्या पोरी बांगड्या आणत्यात, तू लोकानं फेकलेले काटे आणती." काटे म्हणजे मीटरच्या सुया. आमच्या घरात एक मांडणी भरून असे काटे आहेत.

त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे एक सागवानी पेटीतलं व्होल्टमीटर. कुठल्यातरी कॉलेजच्या प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं, शहागंजातल्याच एका भंगारवाल्याकडं वजनाच्या काट्यावर पालथं पडलेलं. शून्य ते तीनशे व्होल्ट. आकड्यांखाली आरशाची बारीक पट्टी. वाचताना डोळा असा धरायचा की सुई आणि आरशातलं तिचं प्रतिबिंब एकावर एक यावं, मगच आकडा म्हणायचा. मला ही पद्धत लई आवडते. तिरकं बघणाऱ्याला हे मीटर खरं सांगत नाही.

आणलं तेव्हा सुई अडकत होती. लोहचुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस बसला होता. तो फुंकून निघत नाही, उलट आणखी आत जातो. चिकटपट्टीची बारीक वळी करून एकेक कण उचलावा लागतो. तीन रविवार त्यात गेले. केसाएवढी स्प्रिंग वाकली होती, ती शिवणाच्या सुईनं सरळ केली. सागवानाला जवसाचं तेल लावलं. राहिला एक रेझिस्टन्स, आतला, जळून कोळसा झालेला. त्या मापाचा कुठंच मिळेना. म्हणून मी त्या जागी प्रीसेट बसवला. प्रीसेट म्हणजे पेचकसानं पिळून कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स. आता तो किती पिळायचा हे ठरवायला माहीत असलेलं एक व्होल्टेज लागतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी मीटर घरच्या प्लगला लावलं आणि सुई दोनशे तीसवर येईपर्यंत प्रीसेट पिळला. घरात दोनशे तीस असतात, हे कुणाला माहीत नाही?

माझ्याकडं एक साधं डिजिटल मीटरही होतं. त्यानं त्याच प्लगला एकशे एक्याण्णव दाखवलं. त्याच्या पडद्यावर बॅटरी उतरल्याची खूण लागली होती, म्हणून मी त्याला खोटारडं ठरवून खणात टाकलं. बॅटरी उतरली की तसलं मीटर कमी नाही, उलट जास्त दाखवतं. हे मला माहीत होतं. कारखान्यात मी हे दुसऱ्यांना शिकवते.

आमच्या गल्लीच्या टोकाला गिरणीवाल्या मावशी आहेत. त्यांच्या गिरणीची मोटार पोळ्याच्या आधी जळली. शहागंजातल्या त्याच वाइंडिंगवाल्या चाचांनी ती वाइंडिंग करून दिली, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळून दिली. तीन आठवड्यांत पुन्हा जळली आणि त्यांच्याकडंच परत गेली. गल्लीत चर्चा सुरू झाली, की विजेच्या लाइनचा दोष का चाचांचा? मावशी मला म्हणाल्या, "पोरी, तुझ्याकडं ती पेटी हाय ना? मोज की एकदा. नुसतं कागदावर भांडण्यापेक्षा ते बरं."

मी सात दिवस मोजलं. रोज संध्याकाळी, गिरणीच्या प्लगला, आरशात सुई जुळवून. आकडा दोनशे पंचवीस ते दोनशे पस्तीसच्या मधेच. वहीत लिहिलं, मावशींची सही घेतली. लाइन चोख. म्हणजे खोट चाचांची. गटातल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "अगं, एकदा त्यांच्याशी बोलायचं का?" मी म्हणाले, "आकडा बोलला ना. आता माणसाशी काय बोलायचं?" हे वाक्य मला पाठ आहे. विसरता येत नाही.

दोनशे प्रती काढल्या. एक मीच चाचांच्या शटरवर लावली, पहाटे, कामाची बस धरायच्या आधी.

दहा दिवसांनी मावशींच्या हाती निरोप आला. "ते म्हणत्यात, पोरीला मीटर घेऊन यायला सांगा."

माझी सुटी गुरुवारी. भर दुपारी पेटी काखेत मारून गेले. मनात तयारी भांडायची. दुकानात वार्निशचा वास आणि भिंतीला लावलेली मोकळी खोकी. चाचांकडं दोन माणसं कामाला असायची, हे मला मावशींनी सांगितलं होतं. त्या दिवशी ते एकटेच होते आणि समोर एकही मोटार उघडलेली नव्हती.

"तूच का ती? बैठ." त्यांनी स्टुलाखालून तारांचा एक काळा गुंडाळा काढला. "ये गिरणी की मोटार का माल है. जपून ठेवला तुझ्यासाठी. हात लाव."

मी हात लावला. काळं बोटाला आलं.

"वाइंडिंग में खोट रहे तो एक जागी जळतं. एक कॉइल काळी, बाकी सगळ्या लाल, ताज्या. ये देख. सगळ्या एकसारख्या. पापड़ के माफिक भुनेली. मोटार को वोल्टेज कमी मिला, ती जोर लावत राहिली, गरम होत राहिली. खलास."

"चाचा, मी सात दिवस मोजलंय. सह्या हायेत."

"हौ. वाचलं ना मैंने. शटर पे था." ते हसले नाहीत. "लगा तेरा मीटर."

मी त्यांच्या प्लगला पिना लावल्या. सुई उठली, दोनशे तीस ओलांडून पुढं गेली आणि पावणेतीनशेजवळ थांबली. मी आरशात जुळवून पाहिलं. पावणेतीनशेच.

"तुमच्याच लाइनीत गडबड आहे," मी म्हणाले. खरंच म्हणाले. मनात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला.

चाचांनी वर टांगलेल्या पिवळ्या बल्बकडं बोट केलं. "पावणेतीनशे में ये बिचारा आतापर्यंत अल्ला को प्यारा हो जाता. चार साल से लटका है." मग स्वतःचं मीटर लावलं. दोनशे एकोणतीस. मग समोरच्या इन्व्हर्टरवाल्याला हाक मारली, "जरा मीटर दे रे भाई, बच्ची की तसल्ली करनी है." त्याचं आलं. दोनशे तीस.

"तुझं कशावरून लावलं?"

"घरच्या प्लगवरून."

"कितीवर?"

"दोनशे तीस."

"प्लगनं सांगितलं का तुला, मैं दोनशे तीस है?"

कारखान्यात कॅलिब्रेशनची, म्हणजे ताडून तपासल्याची, चिठ्ठी नसलेलं मीटर मी कामावर जाऊ देत नाही. कुणी आणलं तर चारचौघांत बोलते. चिठ्ठीवर कशाशी ताडून पाहिलं आणि पुढची तपासणी कधी, हे नसेल तर ते यंत्र म्हणजे नुसता डबा, हे माझंच वाक्य. आणि मी ज्या लाइनीवर निवाडा करायला निघाले होते, तिच्याच आकड्यावर माझी सुई बसवली होती. लाइन खोटी होती, मी सुई तिच्यासारखी खोटी केली आणि मग दोघींची साक्ष जुळली म्हणून दोनशे पत्रकं काढली. खणातलं डिजिटल खरं बोलत होतं.

चाचांनी माझी पेटी उलटीसुलटी करून पाहिली. सुईवर हळूच फुंकर घातली, ती किती हलकी हलते ते पाहिलं. "मीटर अच्छा बनाया. हाथ में कसब हाय तुझ्या." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

"चाचा, मी माफीचं पत्रक काढते. उद्याच."

"नक्को," ते म्हणाले. "कागद पे कागद कायकू? जितने बाँटे उतने वापस ला. मेरे हाथ में."

मी तरीही माफीचं पत्रक काढलं, कारण मला दुसरं काही येत नाही. ते फारसं कुणी वाचलं नाही. पहिलं वाचायला लोक दारात उभे राहिले होते. दुसरं घेताना म्हणाले, "ठेव तिथं." कुणी चोर असल्याचा कागद चवीनं वाचला जातो. तो चोर नव्हता हे वाचायला कुणाला वेळ नाही.

मग मीटरकडं वळले. कारखान्यात साहेबांची परवानगी घेऊन जेवणाच्या सुटीत ते तिथल्या तपासलेल्या मीटरशी ताडून पाहिलं. प्रीसेट काढून टाकला. हव्या त्या किमतीचे पक्के रेझिस्टन्स जोडून जोडून तो आकडा गाठला, आता पेचकसानं कुणाला काही पिळता येत नाही, मलासुद्धा. झाकणाच्या आत चिठ्ठी लावली: कशाशी ताडलं, कधी, फरक किती. नंतर दर मिनिटाला व्होल्टेज नोंदवणारा एक छोटा डबा बनवला, तो आधी चाचांच्या मीटरशी जुळवला आणि मगच गिरणीत ठेवला. रोज संध्याकाळी नळाला पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि आकडा एकशे नव्वदच्या आसपास लोळतो. दुपारी बिचारा सरळ उभा असतो. दुपारी मी कधी मोजलंच नव्हतं.

ती नोंद घेऊन वीज कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फायलीतून पिवळा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, हे तुमचंच ना? लाइन चोख म्हणताय." मी सगळं सांगितलं, चुकीसकट. त्यांनी अर्ज घेतला. अजून काही झालेलं नाही. मावशी आता दुपारीच दळतात. चाचांनी दुसऱ्यांदा वाइंडिंग केलेली तीच मोटार बिनतक्रार चालू आहे. कामावरून संध्याकाळी येणाऱ्या बायकांना मात्र दळण आदल्या दिवशी टाकून जावं लागतं.

आणि मी घरोघर फिरते. पिवळे कागद मागते. एकीनं फडताळात अंथरलं होतं, डबे काढून दिलं. एका घरी कागदाच्या पाठीवर पोरानं पाढे लिहिले होते, ते पोरगं देईना, नवं पान दिल्यावर दिलं. एक काका म्हणाले, "तुमचं मिटलं का चाचाशी?" मी म्हणाले, "मिटायला भांडण नव्हतं काका. मी खोटं छापलं होतं." त्यांनी कागद दिला, पण मला जरा निरखून पाहिलं. बरं झालं. असंच पाहायला हवं होतं, आधीच.

जे मिळतात ते चाचांना नेऊन देते. ते मोजत नाहीत, भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवतात. मोजते मीच. आतापर्यंत एकशे चौसष्ट. दुकानात कामाला परत एक माणूस आलाय. दुसरा नाही.

छत्तीस कागद अजून बाहेर आहेत. अर्ध्या पानाचे, पिवळे, वर काळी चौकट. तुम्ही हर्सूल-शहागंजकडचे असाल तर घरात शोधा. डब्यांखाली बघा, वहीच्या पुठ्ठ्यात बघा. सापडला तर माझ्याकडं आणू नका, शहागंजात जाऊन चाचांच्या हातात द्या. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. घरात बंद पडलेला पंखा असेल, जळलेली मोटार असेल, ती बरोबर न्या आणि दुरुस्तीला टाका.

तुम्ही इकडचे नसाल, तर तुमच्याकडं एवढंच मागते. उद्या कुणी आकडा घेऊन तुमच्या दारात आलं आणि अमुक माणूस खोटा म्हणालं, तर कागद हातात घेण्याआधी विचारा, तुझं मीटर कशाशी जुळवलं? दारात मी असले तरी विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय मला आत घेऊ नका.