पिवळ्या लुगड्यातली बाई

आमच्या मालकांना अख्खं बेळगुंदी गाव भावकू पेंटर म्हनून वळखतं. मी त्यांची बायको, अक्काताई, माहेर निपाणीचं. मी सांगतेय त्यात खोटं काय न्हाय, जरा तिखटमीठ लागलं असंल तर तेवढं चालवून घ्या.

लग्न झालं तवा हे बेळगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही अक्षरं मोत्यावानी. बेंदराला गावातल्या बैलांची शिंगं पन ह्यांच्याच हातची. मग फ्लेक्स आलं आनि पाट्यांचा धंदा बसला. दोन वर्सं मानूस घरात नुसता जोत्यावर बसून. माझ्या जिवाला लई घोर लागलता. एक दिवस उठून ॲक्रॅलिकचे रंग काढले आनि कॅनव्हासवर बैल रंगवला, तो पन निळा. मी म्हनलं, "अवो, निळा बैल कुठं बगितलासा?" तर म्हनले, "आता तू बगितलीस न्हवं?" तो बैल बेळगावच्या शहापुरातल्या एका डॉक्टरांनी दवाखान्यात लावला, आनि तितनं फ्लॅटवाल्यांची चित्रं सुरू झाली.

तवापासनं बैलांची, शेतांची ढीगभर चित्रं ह्या घरातनं भाईर गेली. घरात एक न्हाय! आमच्या भिंतीवर कॅलेंडर आनि बंद पडल्यालं घड्याळ. कवापासनं म्हनतेय, एक तरी ठेवा. तर म्हने, "घरात कशाला? शेत तर रोज बगतीस की."

गेल्या साली टिळकवाडीतल्या वसुधाबाईंनी चित्र सांगितलं. बाई रिटायर शिक्षिका, नवा फ्लॅट, हॉलसाठी शेताचं चित्र पायजे होतं. ह्यांनी आमच्या रताळ्याची काढनी रंगवली. तांबडी माती, निळंशार आभाळ, सात बाया. सगळ्यात म्होरं एकजण पिवळ्या लुगड्यातली, पाठमोरी, एक गुडघा वर करून बसल्याली. तसं बसनारी गावात मी एकटीच.

"ही मी न्हवं?" मी इचारलं.

"कोन बी असंल. रताळी काढनारी बाई हाय."

माजं डोस्कं फिरलं. सत्तावीस वर्सं ही पाठ बगून पन कोन बी? पर खरं सांगू, चित्र बगून माझ्या डोळ्यात पानी आलतं. हेच घरात ऱ्हायला पायजे, असं मनात बसलं ते बसलं.

वास्तुशांती आठ दिवसांवर आलती. चित्र टेंपोत घालून आमी दोघं गेलो. तितं सोफा राखाडी, भिंत राखाडी, आनि वर पीओपीत लपवून ठेवल्यालं पिवळं दिवं. चित्र लावलं, दिवं पेटवलं, आनि अगं बाई! आभाळ शिळ्या मेथीच्या भाजीगत दिसाय लागलं. आनि माजं पिवळं लुगडं पांढरं पडलं. जित्या नवऱ्याच्या शेजारी मला पांढरं नेसवलं की हो!

वसुधाबाई हळूच म्हनल्या, "भावकूअण्णा, फोनवरच्या फोटोत किती छान दिसत होतं. इथं डोळ्याला टोचतंय हो."

ह्यांनी चित्र बगितलं, वरचं दिवं बगितलं. मग म्हनले, "चूक माझी, बाई. पाटी उन्हात असती. घरातल्या उजेडाचा इचार करायची सवयच न्हाय मला. दुसरं करून देतो." जाताना सोफ्यावरच्या उशीचा एक अभ्रा तेवढा मागून घेतला.

घरी आल्या आल्या पांढऱ्या रंगाचा डबा फोडला. त्याच कॅनव्हासवर पांढरा हात मारून नवं चित्र काढायचं, असा ह्यांचा बेत. मी आडवी आले.

"खबरदार! ब्रश लावलासा तर मी चालले निपाणीला."

"अगं, फ्रेमवाला दुसरा कॅनव्हास ताणून द्यायला चार दिवस लावतोय. वास्तुशांती काय थांबनार हाय व्हय?"

"त्याचं मी बगते."

दुसऱ्या दिवशी पैल्या बसनं बेळगाव गाठलं आनि फ्रेमवाल्याच्या पायरीवर ठाण मांडलं. त्यानं चहा दिला, तो प्याले. उद्या या म्हनला, तर ते ऐकू आलं न्हाय असं केलं. दिवस मावळायच्या आत कॅनव्हास घिऊन घरी आले.

मग ह्यांनी सोप्यातली, म्हंजे भाईरच्या खोलीतली, पांढरी ट्यूब काढून पिवळं बल्ब लावलं. घरभर खिडक्यांना माझ्या वाकळा. पाच दिवस आमचं घर हाटेलागत दिसत होतं. तितंच उजेड म्हनून मी चूल सोडून सोप्यात शेगडीवर भाकरी भाजायची, तर भाजली का करपली कळंना. हे उशीचा अभ्रा म्होरं टांगून रंग लावायचे, लांब जाऊन बगायचे, परत लावायचे. रंग कमी केलं न्हाईत, पर त्यांना ऐसपैस जागा दिली. राखाडीला जवळचं मोकळं आभाळ, खाली तांबड्या मातीचा एक पट्टा, त्यात बारक्या बारक्या बाया, ठळक रंगाच्या. वसुधाबाईंनी ते लावलं, दिवं पेटवलं, आनि लेकरागत टाळ्या वाजवल्या.

पैलं चित्र मी सोप्यात खिळा मारून लावलं. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं की जातंय हे पन.

आनि गिऱ्हाईक आलंच. वास्तुशांतीचे लाडू घिऊन वसुधाबाई घरी आल्या. तवा ट्यूब परत जागेवर होती. चित्र बगून बाई दारातच थांबल्या.

"अहो, हेच ते? इथं काय सुंदर दिसतंय! भावकूअण्णा, बेडरूममध्ये पांढरा दिवा लावते. द्याल का मला?"

मी हातातली चहाची बशी खाली ठिवली. मी ह्यांच्याकडं बगितलं न्हाय. बगून काय उपयोग? मानूस गिऱ्हाइकाला न्हाय म्हनत न्हाय.

"ते न्हाय मिळायचं, बाई," हे म्हनले. "ती पिवळ्या लुगड्यातली आमची मंडळी हाय."

बाई गेल्यावर मी म्हनलं, "तवा तर कोन बी असंल म्हनला होतासा?"

हे लाडू खात होते. म्हनले, "ट्यूब जरा इकडं सरकवू काय गं? लुगडं आनखी खुलून दिसंल."

"सरकवा," मी म्हनलं, आनि स्टूल धरून हुबी ऱ्हायले.