सोबतीला तात्या

तात्यांच्या पायांत चपला कायम असायच्या. जेवण आणि देवपूजा सोडली, तर बाकी सारा वेळ हा माणूस निघायच्या तयारीत. आमच्या निरगुडसरच्या आळीतून कोणी जरा बऱ्या कपड्यांत चाललेलं दिसलं, की ओट्यावरून हाक ठरलेली, "कुठं निगाला? थांबा, आलो!" कुठं हे नुसतं विचारायचं म्हणून. उत्तर काहीही असो, तात्या येणारच. तहसील, दवाखाना, मुलगी बघणं, बँकेतली केवायसी, मंचरला चष्म्याचा नंबर, सगळीकडे आपले तात्या बरोबर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि पुडीत गूळ-शेंगदाणे.

आता कोणी म्हणेल, गावात असे मध्यस्थ असतातच. पण तात्या मध्यस्थ नव्हते हो! तीच तर गंमत. ऑफिसात शिरायचं, भिंतीकडेचा बाक धरायचा, पिशवी मांडीवर घ्यायची आणि काम होईपर्यंत समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचं. साहेबाशी बोलणं नाही, ओळख काढणं नाही. "तात्या, तुम्हीच बोला की," असं कोणी म्हटलं, तर म्हणायचे, "काम तुजं हाय, तूच बोल. मी हाय हितं मागं." बस्स. एवढ्यासाठी हा माणूस दिवसच्या दिवस घालवायचा.

पारगावच्या कारखान्यात ते स्लिपबॉय होते. कोणाचा ऊस कधी तुटणार त्याची चिठ्ठी घेऊन गावोगाव शेतकऱ्यांकडे जाणारा तो स्लिपबॉय. केस पांढरे झाले, नातवंडं झाली, रिटायर झाले, तरी कारखान्याच्या लेखी तात्या बॉयच. त्या नोकरीने त्यांना एक गोष्ट दिली: आंबेगाव-जुन्नरच्या निम्म्या बांधांवर त्यांना ओळखणारा माणूस होता आणि त्या प्रत्येक माणसाला त्यांना चहा पाजायचा असे.

आणि मी? मी इंजिनिअर झालेली, स्कूटर चालवणारी, पुण्यात होस्टेलला राहून आलेली मुलगी. मला ही सोबतीची भानगड मनापासून नकोशी व्हायची. एकटीला जाता येत नाही का? मी काय कुक्कुलं बाळ आहे? तात्यांची "थांब, आलो" ऐकू यायच्या आत मी स्कूटर काढून पसार व्हायची.

तशीच मी एकदा पसार झाले होते, फेलोशिपच्या मुलाखतीला. पदवीनंतर इंजिनिअरिंग आणि विज्ञानात संशोधन करायचं असेल, तर ही फेलोशिप मिळते. शिकायचं, प्रयोग करायचे आणि वर महिन्याचा खर्चही तेच देतात. घरात फक्त आईला सांगून मी पुण्याला गेले. मोठं टेबल, पलीकडे ओळीने बसलेले प्राध्यापक, अलीकडे मी. पहिलाच प्रश्न आला आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. येत होतं हो सगळं! पण एक शब्द फुटेल तर शपथ. परतीच्या एसटीत राजगुरुनगर येईपर्यंत मी तोंडावर ओढणी घेऊन बसले होते.

तात्यांना हे आईकडून कळलं. मला वाटलं, आता नापास झाल्याबद्दल चार शब्द ऐकवतील. छे! नापास झाल्याचं त्यांना काहीच नव्हतं. ते चिडले ते वेगळ्याच गोष्टीवर. "येकटी गेलीस? येवड्या मोठ्या कामाला येकटी?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्यावरून हाक आली, "परत कवा हाय ती परीक्षा?"

पुढच्या वर्षी होती, आणि तीच शेवटची. पदवी घेऊन ठरावीक काळ उलटला की अर्जच करता येत नाही. हे हुकलं की संशोधन संपलं; चाकणच्या कंपनीत चिकटायचं आणि आयुष्यभर मशीनच्या तक्रारी लिहायच्या. वाईट नाही ते, पण मला ते नको होतं. मला माझं काम करायचं होतं. आमच्याकडे शेतीची लाईट आली, की विहिरींवरच्या ऑटो स्टार्टर लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात. एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटारी एकाच क्षणी! व्होल्टेज धाडकन पडतं, डीपीचा फ्यूज उडतो, नाहीतर कोणाची तरी मोटार जळते. मला असं यंत्र बनवायचं होतं, की मोटारी आपापसात ठरवून एकामागून एक सुरू होतील. त्याच्या अर्जासाठी विहिरीविहिरींवर जाऊन मोजमाप घेणं आलं.

इथे मात्र एकटीचं काही चालेना. उसात बिबट्या, आणि बांधावर मालक. अनोळखी मुलगी मीटर घेऊन मोटारीच्या खोलीशी आली, की लोकांना वाटायचं, वीज मंडळाची धाड! बोरी बुद्रुकला एका आजोबांनी तर मला बघून कुलूपच घातलं. संध्याकाळी मी मुकाट्याने तात्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी लगेच पिशवी उचलली.

मग काय, तात्या मागच्या सीटवर आणि आम्ही गावोगाव. उसाच्या कडेने चालताना ते मोबाइलवर मोठ्याने भजन लावायचे आणि स्वतःही ओरडायचे. "तात्या, बिबट्या भजनाला पळतो का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याला कळाय पायजे, हितं दोगं हायेत." कुलूप घालणारे आजोबा तात्यांना बघताच म्हणाले, "आरं, चिठ्ठीवालं पावणं! या, या!" कुलूप निघालं. पण चहाही ठेवला गेला.

तो चहा! त्या चहाने मला वीट आणला. मोजायला पाच मिनिटं आणि चहाला पाऊण तास. नाही म्हणायची सोय नाही. तात्या डोळे मोठे करायचे. आणि चहाबरोबर माणसाचं सगळं रामायण. मोटार कशी जळली, कोणाशी भांडण झालं, सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या कशा लागतात, आज थोरल्याची पहिली असली तर उद्या धाकट्याची पहिली, कोणी पाळी मोडली तर गावात त्याच्याशी कोणी कसं बोलत नाही. मी मीटर पिशवीत टाकून पाय हलवत बसायची आणि मनात म्हणायची, अरे देवा, आटपा आता.

अर्जाबरोबर दोन शिफारसपत्रंही लागायची. ती माझ्या कॉलेजातल्या सरांनी दिली. पण तात्यांनी ते कुठून तरी ऐकलं आणि एका माजी सरपंचांच्या लेटरहेडवर, गोल शिक्का मारून, तिसरं आणलं. सदर मुलगी गरीब व होतकरू असून तिचे वर्तन चांगले आहे. कुठेही गेलं तरी शिक्का लागतोच, अशी आमच्याकडे सर्वांचीच खात्री. "तात्या, हे चालत नाही तिथं," म्हटलं, तर म्हणाले, "आसू दे गं. शिक्का असलेला बरा." मी ते आईच्या कपाटात ठेवून दिलं.

यंदाची मुलाखत ऑनलाइन होती. आमच्याकडे नेटचा काही भरवसा नाही, लाईटचा त्याहून नाही. तात्यांनी तोड काढली. जुन्नरचे हमीदभाई हे त्यांचे जुने स्नेही, त्यांचं लाकूडकामाचं दुकान. वरच्या खोलीत इन्व्हर्टर आणि वायरचं नेट. हमीदभाईंनी सकाळपासून खाली रंधा बंद ठेवला, आवाज नको म्हणून. "बेटी की परीक्षा है," असं गिऱ्हाइकांना सांगत ते दारात उभे होते.

मुलाखतीचा नियम असा, की खोलीत उमेदवाराशिवाय कोणी नसावं. हे ऐकून तात्यांचा चेहरा पडला. "म्हंजे पुन्यांदा येकटीच?" हमीदभाईंनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. मुलाखत सुरू झाली. परीक्षकांनी सांगितलं, कॅमेरा फिरवून खोली दाखवा. मी लॅपटॉप फिरवला आणि गॅलरीकडच्या खिडकीत एक पांढरी टोपी दिसली.

टोपी हलली. मग खाली गेली. मग पुन्हा हळूच वर आली.

"बाहेर कोण आहे?" पडद्यावरच्या वयस्कर मॅडमनी इंग्रजीत विचारलं. त्या समितीच्या प्रमुख होत्या आणि आवाजात जराही हसू नव्हतं.  कोणीतरी उत्तरं सांगायला बसवलंय, असंच त्यांना वाटणार. झालं, संपलं. शेवटची संधी एका टोपीपायी गेली. मी खरं तेच सांगितलं, की ते आमच्या गावचे आहेत, माझ्याबरोबर आले आहेत. मॅडम म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

तात्या आत आले. टोपी सारखी केली आणि लॅपटॉपला वाकून नमस्कार केला.

"आप इनके कौन लगते हैं?" मॅडमनी विचारलं.

"कोई नहीं लगता जी," तात्या म्हणाले. "सोबत आया."

"इन्हें जवाब बताने आए हैं?"

"मैं क्या बतायेगा? मेरेको मशीनमें कुछ नहीं समजता. ये बोलेगी. मैं सिरफ बैठता है."

पलीकडे दोघंतिघं आपापसात बोलले. आवाज बंद होता, नुसते ओठ हलत होते. तो वेळ कसा काढला ते माझं मला माहीत. मग मॅडमचा आवाज आला. खिडकीत उभं राहणं चालणार नाही. एक तर यांनी खाली जावं, नाहीतर कॅमेऱ्यात दिसतील असं मागे बसावं, तोंड बंद ठेवून.

तात्यांना आणखी काय हवं होतं! प्लास्टिकची खुर्ची घेतली, माझ्या मागे भिंतीला टेकवली, पिशवी मांडीवर घेतली. पडद्याच्या कोपऱ्यात मला माझ्या खांद्यावरून ते दिसत होते, तहसील कचेरीत बसतात तसेच. आणि काय सांगू, माझी जीभ सुटली. सर्किटचे प्रश्न झाले, गणित झालं, मोजमापं झाली. मी बोलत होते आणि मलाच माझा आवाज ऐकू येत होता, नीट, सावकाश.

शेवटी एका तरुण परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं. यंत्र बनेल, मान्य. पण शेजाऱ्याची मोटार आधी सुरू होऊ द्यायला शेतकरी तयार होईल कशाला? तो तुमचं यंत्र काढून फेकून देईल.  पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मग एकदम तो सगळा चहा आठवला! सामाईक विहिरीवरच्या पाळ्या, आज थोरला तर उद्या धाकटा. मी म्हटलं, सर, तिथे लोक पिढ्यानपिढ्या पाळी लावून पाणी घेतात. माझं यंत्र नवा नियम लावणार नाही. तीच पाळी मोटारींना लावेल, रोज पहिला नंबर बदलेल. पाळी असेल तर आमच्याकडे माणूस थांबतो. हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विहिरींच्या मालकांनी. चहा पिताना.

मॅडम तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

निकालाची मेल आली तेव्हा मी ओट्यावर मेथी निवडत होते. मेल वाचली, परत वाचली, फेलोशिप मिळाली होती! मी मेथीसकट उडीच मारली. छातीवरून जातं उतरावं तसं झालं. आईने आधी मला, मग मेथीला सांभाळलं. पलीकडच्या ओट्यावरून तात्या म्हणाले, "झालं ना? बरं झालं बाबा!" त्यांनी टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला. घाम यायचे दिवस नव्हते ते. मग लगेच, "कवा निगायचं?"

संशोधनाची जागा हैदराबादला मिळाली, तिथे तात्याच आले बरोबर. वडिलांच्या उसाची तोडणी चालू होती. गाडीत मी म्हटलं, "तात्या, परतताना तुम्हाला एकट्याने जावं लागेल हं." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "मी कवाच येकटा गेलो न्हाई गं कुठं. मला हाफिसात शिराय लई भ्या वाटतं. पयल्यापासून. म्हनून तर मी समद्यांबरूबर जातो. दुसऱ्यालाबी वाटत आसंल की." इतक्या वर्षांत गावातल्या कोणाला हे ठाऊक नव्हतं. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की पुढचं स्टेशन येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

होस्टेलच्या गेटवर वॉचमनने त्यांना अडवलं. सामान आत ठेवून मी बाहेर आले, तर तात्या गेटला धरून उभे. "चला, तुम्हाला स्टेशनवर सोडते," म्हटलं. स्टेशनवर पोहोचलो तर म्हणाले, "आता तू मागारी येकटी जानार? चल, गेटापत्तुर येतो." शेवटी मी त्यांना जवळजवळ ढकलून डब्यात बसवलं. गाडी हलली. खिडकीतला तो घाबरलेला चेहरा बघून माझा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुण्यात पोहोचायला हवे होते. फोन लागेना. दुपार झाली, फोन बंद. घरून आईचा फोन, तात्या आले नाहीत. नाही नाही ते मनात आलं. कशाला आणलं मी त्यांना? वर्गात शिकवलेलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी तात्या बोलतोय. मंचरला उतारलो. बॅटरी गेल्ती."

"अहो, होतात कुठे तुम्ही?" मी ओरडलेच.

"आगं, डब्यात येक म्हातारी व्हती. येकटीच. सोलापूरला उतरायचं, लेक ऱ्हातोय कुठं ते धड ठावं न्हाई, लई भ्याली व्हती. मंग मीबी उतारलो तिच्याबरूबर. लेकाच्या घरी सोडली, च्या घेतला, दुसऱ्या गाडीनं आलो." मग घसा खाकरून म्हणाले, "सोलापूरपासनं मातर येकटा आलो, बरं का!"

मी जिन्यातच बसले. हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते. वरच्या पायरीवर माझी नवी रूममेट फॉर्म हातात घेऊन उभी होती. ओडिशाची, तिलाही इथलं कोणी ओळखीचं नव्हतं. होस्टेलच्या ऑफिसात तो द्यायला कसं जायचं, हे ती मला सकाळपासून विचारत होती.

"तू कशी हायस?" तात्या विचारत होते. "कुनी हाय का बरूबर?"

"आहे, तात्या," मी म्हटलं आणि पायांत चपला सरकवल्या.