आढ्याचे पाय

सुजाताचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावर भांड्यांचं स्थिरचित्र काढत होते. शाळेच्या वेळात ती कधी फोन करत नाही, म्हणून वर्गाबाहेर जाऊन घेतला. "मनूताई, हे चौल नाक्यावर पडले," एवढंच ती बोलली. मला वाटलं, स्कूटरवरून पडला. पाय-बिय मोडला असेल. मी उलट तिलाच विचारलं, कोणत्या दवाखान्यात आहे? तिच्या मागून रडण्याचा आवाज आला आणि मला कळलं. दिनू, सुजाताचा नवरा आणि माझा आतेभाऊ, नारळाच्या गाडीचं भाडं ठरवायला गेला होता. बोलता बोलता खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. अलिबागच्या डॉक्टरांनी त्याला दिवाळीआधीच हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. "सीझन संपू दे, मग बघू," हे त्याचं उत्तर. नागावला त्याच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने असत, मागे नारळ-सुपारीची वाडी, आणि तोंडात सदा हा सीझन. घरी त्यानं अक्षर काढलं नाही. मलाही त्याच्या खिशातल्या गोळ्या चुकून दिसल्या म्हणून कळलं. मी भांडले, तर म्हणाला, "तू चित्रं काढ." असा माणूस. गोड बोलायचा, पण सांगायची गोष्ट असली की दातखीळ बसायची. खाण तशी माती, दुसरं काय! माझी आत्या, म्हणजे त्याची आई, तीही तसलीच हट्टी. फरक इतकाच की ती बोलून मोकळी व्हायची आणि मग एकदा बोललेलं मागे घ्यायची नाही.

मोठं वादळ झालं त्या वर्षी त्यांच्या घरावर माड पडला. कौलं गेली, वासे खिळखिळे झाले आणि छपराच्या माथ्यावरचं मुख्य लाकूड, ज्याला आम्ही आढं म्हणतो, ते मधोमध मोडलं. ते सागाचं होतं. घर बांधलं तेव्हा आत्या नवी नवरी होती. आढं वर चढवताना त्याला नारळ आणि खण तिच्याच हातून बांधला गेला होता. पुढे तिचा नवरा गेला, पण आढं डोक्यावर होतं. वादळानंतर दिनूने लोखंडी पाइप घालून पत्रे टाकले. आत्या वर बघून म्हणायची, पाइपाला काय आढं म्हणायचं! मोडलेलं आढं समुद्रात सोडून ये, असा तिनं धोशा लावला होता. दिनूने ते वाश्यांसकट पडवीत ताडपत्रीखाली ठेवून दिलं. टाकवत नव्हतं त्याला, आणि कबूलही करवत नव्हतं.

मग मागल्या वर्षी गावातलं एक पर्यटकांचं घर बंद झालं आणि तिथली माशांची मोठी काचेची टाकी दिनूने उचलून आणली. आमच्याकडे मासा दिसला की आधी मीठ-हळद आठवते. साऱ्या आळीने त्याची थट्टा केली. कुणी विचारलं, कालवणाला कधी बोलावतोस? पण तो ऐकेना. येणाऱ्या पाहुण्यांच्या पोरांसाठी, असं म्हणायचा. खरं म्हणजे त्यालाच हवी होती. टाकी ठेवायला स्टँड हवा होता. बाजारातला लोखंडी खाऱ्या हवेत गंजणार. एका रविवारी मला बोलावून घेतलं, कागद पुढे टाकला आणि म्हणाला, काढ.

ते दोन-तीन रविवार माझ्या आयुष्यातले फार बरे दिवस होते. आम्ही वाश्यांतले जुने खिळे उपटले. जे तुटून आत राहिले ते लोहचुंबक फिरवून शोधले, नाहीतर रंध्याच्या पात्याचं वाटोळं झालं असतं. पावसाळे खाल्लेलं काळं लाकूड. दोन हात रंधा मारला की आतून मधासारखं निघायचं आणि पडवीभर सागाचा वास सुटायचा. मी चित्रात आडव्या पट्ट्या खांबांना बाजूने स्क्रूने जोडल्या होत्या. दिनूने त्यावर काट मारली. भरलेली टाकी दोन माणसांना हलायची नाही एवढी जड असते. तिचं वजन स्क्रूवर लटकता कामा नये, लाकडानं लाकडावर बसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून चार खांब वाश्यांचे, आणि त्यांच्या डोक्यावर खाचेत बसवलेल्या दोन जाड तुळया, एक पुढे, एक मागे. त्या तुळयांसाठी तेवढं जाड लाकूड एकच होतं.

आढ्याचा मोठा तुकडा आम्ही वखारीत नेऊन उभा चिरून आणला. करवतीखाली घालण्याआधी दिनूने त्याच्या वरच्या अंगाला खडूने फुली मारली. घरी आल्यावर दोन्ही तुळया बसवताना फुली वर आहे ना, हे त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं. वासे टेकायच्या जुन्या खाचा त्यानं रंध्याने घालवल्या नाहीत. दिसतील अशा बाहेरच्या अंगाला ठेवल्या. मी म्हटलं, एवढं कशाला? म्हणाला, "आढं हाय ते. वरच ऱ्हायला पायजे." मग पाणसळ लावून सपाटी पाहिली, पायाखाली पाचर ठोकली, जवसाचं तेल दिलं आणि घराच्या पुढच्या ओटीवर स्टँड उभा राहिला. भक्कम, जरा बोजड, माझ्या चित्रापेक्षा कितीतरी देखणा.

वखारीत आळीतला एकजण होता. त्यानं लाकूड करवतीखाली जाताना पाहिलं, पुढचं त्यानं स्वतःच जोडलं, आणि आम्ही तेलाचे हात पुसतोय तोवर आत्यापर्यंत बातमी पोचली होती की दिनूने आढं कापून त्याचे पाय केले. ती माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. ओटीवर पाऊलही टाकलं नाही, बघितलं नाही.

"आढ्याचे पाय केलेस व्हय रं? ज्या घराचं आढं पायाशी, त्या घराचा कर्ता टिकत न्हाय."

दिनू पांढरा पडला. मला वाटलं, आता सांगेल की पाय वाश्यांचे आहेत, आढं वरच आहे. तर हा गप्प! मी तोंड उघडलं, तर मलाच हाताने थांबवलं. आत्या आत गेल्यावर म्हणाला, "बघायला येऊ दे तिला. मी काय बोलवायला जानार न्हाय." मी नंतर दोनदा तिच्याजवळ विषय काढला. तू त्याचीच बाजू घेणार, असं म्हणून तिनं मला उडवून लावलं. त्या दिवसापासून ती मागच्या दाराने वाडीतून ये-जा करू लागली. देवळात जायचं तरी वळसा घालून. मायलेक जेवायला समोरासमोर बसत, बोलत, भांडतही. फक्त ओटी तेवढी मधे राहिली. संध्याकाळी तो दिवा लावून टाकीपुढे बसायचा आणि जरा मोठ्याने पाहुण्यांना सांगायचा, हा बघा काय पळतोय. आत ऐकू जावं म्हणूनच, हे मला माहीत होतं... तिलाही असणार.

आणि तो गेला. घरापुढच्या खळ्यात त्याला ठेवलं होतं. आत्या मागून घराला वळसा घालून आली आणि त्याच्या पायाशी बसली. रडली नाही. पुढे दिवस झाले, पाहुणे गेले, तरी ती जेवेना, बोलेना. एका दुपारी मला जवळ घेऊन विचारलं, "मने, खरं सांग. माज्याच तोंडानं ग्येला ना?" मी डॉक्टर, गोळ्या, तपासणी, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली. बोलाफुलाला गाठ पडली गं आत्या, मी म्हटलं, कावळ्याच्या शापाने कुठे गाय मरते? म्हटलं आणि जीभ चावली. कारण यात कावळा कोण झाला ते तिलाही कळलं.

टाकीचं पाणी बदलणं, पंप साफ करणं सुजाताच्याने होईना. अलिबागचा एक दुकानदार टाकी आणि मासे न्यायला तयार झाला, स्टँड त्याला नको होता. आत्या म्हणाली, ते लाकूड समुद्रात सोडा. मी त्यासाठीच त्या रविवारी गेले. वाटेवर एकच विचार. आढं वर आहे हे तिनं पाहिलं तर तिच्या मनातला शाप सुटेल. पण मग वर्षभर आपण लेकाला बोललो, तोंड फिरवलं, ते कशापायी, हेही तिला कळेल. कोणतं दुःख कमी, हे मला ठरवता येईना. अजूनही येत नाही. शेवटी तिचा हात धरला आणि म्हटलं, सोडायचं तर एकदा बघून सोड.

ती उंबऱ्याशी अडली, मग आली. आधी खाली बसून खांब चाचपले. हे वासे, तिनं ओळखलं. मग हात वर सरकत गेला आणि तुळईवरच्या खाचांत बोटं अडकली. एकेक खाच चाचपत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. टाकीत मासे आपले फिरत होते.

"वर हाय," ती म्हणाली. "वरच ठेवलंय त्यानं... मंग मी कुनाला बोलली गं?"

सुजाताने दुकानदाराला नको म्हणून कळवलं. आत्या आता जेवते. दुपारचा सगळा वेळ ओटीवरच असते, स्टँडला पाठ टेकून, पाय पसरून. पंपाची घरघर चालू असते. सुजाता म्हणाली होती, सासूबाई ह्यांच्याशी बोलतात. मागच्या रविवारी मी दारात चपला काढत होते तेव्हा ऐकलं. ती त्या लाकडावर हात आपटून दिनूला रागावत होती, शाळेतून उशिरा आला की रागवायची तशीच.

"मेल्या, एकदा सांगायचं हुतंस..."

आणि मग तो पहिला शब्द तिच्याच कानात शिरला असावा. तिनं तोंडावर हात धरला.