सुया घरच्या

कोणी गोंदवायला बसलं की मी हात नंतर पाहते, आधी सुया मागते. आमच्याकडे बाईनं आपल्या सुया घरून आणायच्या, नव्या, पुडीतल्या. तिच्यासमोर मी चार-पाच सुयांची दोऱ्यानं जुडी बांधते आणि काम झालं की ती जुडी तिच्याच हातात देते. घरी नेऊन जमिनीत पुरून टाक म्हणते. माझ्या आईची हीच रीत होती. ती का आहे हे मी कधी विचारलं नाही आणि आईनंही सांगितलं नाही.

बाकी माझी थेरं पुष्कळ. विकतची शाई मला चालत नाही. करंजाच्या तेलाचा दिवा लावून वर मातीचं झाकण उपडं धरायचं आणि त्याची काजळी खरवडून घ्यायची. उपाशी बाईला मी बसवत नाही, भोवळ येते. गोंदताना कुणी गप्पा मारल्या तर ओरडते. शहरातून कॅमेरे घेऊन लोक येतात, ‘आजी, ही केवढी मोठी कला!’ म्हणतात, तेव्हा डोक्यात तिडीक जाते. स्वतःचा हात मात्र एकही जण पुढे करत नाही.

एवढा तोरा मिरवणारी मी, पण एका वर्षी गोंदायचं मशीन घेतलं. मार्कंड्याच्या जत्रेत माझ्या बसायच्या पोत्याशेजारीच एक माणूस बॅटरीवरचं मशीन घेऊन बसायचा. त्याच्यापुढे रांग आणि मी माशा मारत बसलेली. हेवा वाटला, दुसरं काही नाही. पुढच्या जत्रेत माझंही मशीन घरघरू लागलं आणि माझ्यापुढेही रांग लागली. मला त्या रांगेचा माज चढला.

त्या रांगेत माझी धाकटी बहीण होती. आमच्यात मेल्यावर अंगावरचं सोनं-चांदी काढून घेतात. गोंदण तेवढं बाईबरोबर जातं. बहिणीचे दोन्ही हात कोरेच राहिले होते, आधी डावा भरून घ्यायला ती आली होती. तिनं कमरेच्या पिशवीतून पुडी काढली.

“बाई, ह्या माह्या सुया.”

“ठेव त्या. मशीनले कायले लागते सुया? लवकर बस, मांगं लोकं उभे हायेत.”

मशीनची सुई सकाळपासून एकच होती. प्रत्येक हातानंतर मी ती फडक्यानं पुसत होते. फडकंही एकच.

चौथ्या दिवशी तिचा हात कोपरापर्यंत सुजला. ताप, पू, मग दवाखाना. डॉक्टरांनी सडलेलं कातडं खरवडून काढलं म्हणून हात वाचला. आता तिथे मनगटापासून कोपरापर्यंत नुसता गुळगुळीत व्रण आहे, त्यावर गोंदण धरत नाही. रांगेतल्या बाकीच्यांचं काय झालं, मला माहीत नाही. चौकशी करायची माझी छाती झाली नाही.

मशीन मी विकलं नाही, फोडलं. त्यानं काय होणार होतं? दरवर्षी बहिणीला म्हणत आले, उजव्या हातावर काढून देते, घरच्या सुयांनी, जुन्या रीतीनं. ती म्हणायची, “पाहू.” भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं चहा पाजला, जेवू घातलं आणि दरवेळी “पाहू” म्हटलं.

यंदा धानोऱ्याच्या बाजारात ती मला दिसली, दुसऱ्या एका गोंदणारीच्या पोत्यावर बसलेली. उजवा हात पुढे केला होता, निम्मं काम झालं होतं. ठिपके चांगले पडत होते. खोट काढायची म्हणून पाहिलं, तरी सापडली नाही.

मला पाहून बहीण दचकली. मग शांतपणे म्हणाली, “बाई, राग नको मानू. हे मले मेल्यावर संगं न्यायचं हाये. म्हून तुह्याकडं नाई आली.”

ती गोंदणारी मला ओळखत होती. उठून जागा देऊ लागली. मी म्हटलं, “बस, तुहं चालू दे.” आणि तिथेच बहिणीजवळ उकिडवी बसले. सुया मनगटाच्या आतल्या बाजूला आल्या. तिथे फार दुखतं. बहिणीनं डोळे मिटले, दात आवळले आणि धरायला कुणाचा तरी हात चाचपला. मी माझा पुढे केला. तिनं डोळे उघडून पाहिलं आणि पलीकडे बसलेल्या अनोळखी बाईचा हात धरला.