आबांची खुर्ची

माझं माहेर धानोऱ्याचं आणि सासर तळोद्याचं. मधे तापी. लग्न होऊन आले तेव्हा सासरी ओसरीवर एक मोठी खुर्ची होती आणि त्या खुर्चीत माझे सासरे बसलेले असत. त्यांना सगळे आबा म्हणत. गुडघे धरल्यामुळे त्यांना जमिनीवर बसता येत नसे, म्हणून माझ्या थोरल्या दिरांनी ती खुर्ची नंदुरबारहून गाडीत घालून आणली होती. बदली होऊन चाललेल्या कुणा साहेबाचं सामान विकायला निघालं होतं, त्यातली ती. अंग सागवानाचं, हात रुंद, बैठकीत आणि पाठीत काथ्या आणि कापूस भरलेला, वरून जाड तपकिरी कापड. आमच्या गल्लीत तशी दुसरी नव्हती.

आबा त्या खुर्चीत बसले की ओसरी भरून जाई. बांधाची भांडणं, बैलांची खरेदी, सोयरिकी, सगळं तिथं बोललं जाई. मी आतून ऐकत असे. आबा कमी बोलत, पण बोलले की दोन्ही बाजूंचे लोक उठून चहा प्यायला आत बसत. घरात सासूबाई नव्हत्या. घर थोरल्या जाऊबाई चालवत. त्यांना आम्ही जिजी म्हणायचो. हाताखाली गडीमाणसं, दावणीला बैल, चार पोरं आणि वर मी नवी. जिजी दुष्ट नव्हत्या, पण त्यांना दम नव्हता.

पावसाळ्यात आबांना ताप आला. त्या तापात एकदा त्यांचं अंथरूण ओलं झालं. तापात कुणाचंही होतं. ताप उतरला, आबा परत ओसरीवर येऊन बसले, आणि थोड्याच दिवसांत ओसरीला वास यायला लागला. दमट हवेत तो वास जास्त यायचा, ऊन पडलं की दबायचा. जिजींनी आणि दिरांनी मनाशी एकच हिशेब जुळवला. कुणी तोंडानं बोललं नाही. जिजी रोज सकाळी खुर्चीखाली फिनेल ओतायच्या, संध्याकाळी धूप घालायच्या. त्यामुळे तो वास गेला तर नाहीच, फिनेल आणि धुपात मिसळून असा काही झाला की कशाचा आहे ते ओळखू येईना. आबांच्या मानापायी कुणी खुर्चीला नाक लावून पाहिलंही नाही.

माणसं यायची कमी झाली. आली तरी पायरीवरूनच बोलून जायची. शेवटी एक दिवस दिरांनी आबांची बाज गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली. म्हणाले, इथं वारा चांगला लागतो. आबा काठी घेऊन उठले आणि गेले. जिजी मला चुलीपाशी म्हणाल्या, "म्हातारपण शे. इलाज नही."

आबांना जेवण न्यायचं काम माझ्याकडे आलं. भाकरी ते खायचे, पण पाण्याचा तांब्या मी ठेवला तसाच भरलेला परत यायचा. दोनचार दिवस मी पाहिलं. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. मी पदर सावरून, जरा आडून, विचारलं की आबा पाणी का पीत नाही. तहान नाही म्हणाले. मी तिथून हलले नाही. तेव्हा ते भिंतीकडे पाहत हळू म्हणाले, "कदी व्हई जास, माले समजत नही, बेटा. पानी कमी पिधं म्हंजे बरं."

पंचक्रोशीचे निवाडे करणारा माणूस घाबरून पाणी पीत नव्हता. मी भांडी घेऊन परत आले ती संतापानंच. पण संताप नुसता काय कामाचा. मी विचार करायला लागले. आबांची गोधडी, धोतरं, सगळं मीच धूत होते. त्याला घामाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. बाज कोरडी. खोलीला गोठ्याचा वास, तोही रोजचाच. मग आबांचं अंग फक्त खुर्चीत बसल्यावर ऐकत नाही की काय?

जिजी पोरांना न्हाऊ घालत होत्या तेव्हा मी ओसरीवर गेले. आबा तिथून जाऊन बरेच दिवस झाले होते आणि त्या दिवशी सकाळी आभाळ होतं. खुर्चीला वास होताच, उलट ताजा होता. मी खाली बसले आणि नाक लावत गेले. बैठकीला, जिथं माणूस बसतो तिथं, फिनेलचा वास. हातांना काही नाही. मग मागच्या बाजूला गेले आणि तिथं खालच्या कापडाला नाक नेलं, तर डोळ्यांतून पाणी आलं. कापड वीतभर ओलं होतं. मागच्या पायावर लाकूड काळं पडलं होतं.

माझ्या वडिलांच्या घरी उंदरांसाठी मांजरं पाळलेली असत. धान्याच्या कोठीत मी लहानपणापासून वावरलेली. बोका शेपूट वर करून मागच्या मागे पिचकारी मारतो, आणि ज्या जागी एकदा मारली तिथंच परत येतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या खुर्चीमागे खिडकी होती, बोळाकडे उघडणारी. बोळात एक मोठा पिवळा बोका फिरायचा. आमच्या कोठीत मांजर होती. सगळं सरळ होतं.

मी जिजींना हात धरून आणलं. त्या म्हणाल्या, काय गं, स्वयंपाक सोडून. मी त्यांना खुर्चीच्या मागे नेलं आणि म्हटलं, "आबा पुढे बठतस, जिजी. आन ओल मांगे शे."

त्या वाकल्या. वास घेतला आणि पटकन सरळ झाल्या. खिडकीकडे बघून म्हणाल्या, "तुले कसं समजनं?" मी सांगितलं की कोठीत बोक्याचा येतो तो वास आहे, माणसाचा नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला तो वासामुळे की कशामुळे, मला ठाऊक नाही.

दिरांचं म्हणणं पडलं की खुर्ची फेकून द्यावी, आबांना दुसरं काही करून देऊ. मी नवी सून, मोठ्या दिरांपुढे बोलायची रीत नव्हती. मी जिजींच्या मार्फत सांगितलं की खुर्ची फेकली तर गल्लीत लोक म्हणतील आबांनी खराब केली म्हणून फेकली. ती खुर्ची साफ होऊन त्याच जागी आली पाहिजे आणि आबा तीत बसले पाहिजेत. दिरांनी ऐकलं. मी करते म्हटलं. करता येईल याची मला खात्री होती.

पाऊस संपून ऊन तापायला लागलं होतं, ते बरं झालं. आमच्या ह्यांनी आणि गड्यानं खुर्ची उचलून परसात आणली. पहिल्यांदा मी कढत पाणी ओतून पाहिलं. त्यानं वास असा उठला की शेजारच्या घरातून विचारणा झाली. कढत पाणी बंद. मग मी गल्लीच्या टोकाच्या पिंजारी चाचांना बोलावलं. आमच्या गाद्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरात पिंजल्या जात. ते म्हणाले, वरचं कापड बदलून नवा कापूस घालून देतो. मी म्हटलं, चाचा, लाकूड दिसेपर्यंत सगळं उघडा. मुतलेल्या काथ्यावर नवा कापूस घातला तर महिन्यात तोही नासेल. त्यांनी मान हलवली आणि खिळे काढायला बसले.

कापड काढलं, कापूस काढला. पाठीतला कापूस पिवळा पडून गोळे झाले होते. तो आणि ते कापड चाचांनीच लांब नेऊन जाळलं. काथ्या चांगला होता. तो मी हौदाच्या पाण्यात भिजत टाकला, पिळला, पुन्हा टाकला. संध्याकाळी चाची, म्हणजे चाचांची बायको, उसाच्या सिरक्याची बरणी घेऊन आली. लोणच्यासाठी त्यांच्या घरी सिरका असेच. मी ताक वापरणार होते, कारण माझी आई कोठीच्या फळ्यांना आंबट ताक लावायची. चाची म्हणाली की ताकाचा स्वतःचाच वास राहतो, सिरक्याचा उडून जातो. ते मला पटलं. पाण्यात सिरका घालून मी काथ्या त्यात बुडवला आणि लाकूड त्याच पाण्यानं फडक्यानं पुसून काढलं. मागून साधं पाणी, मागून रिठ्याचं, मग परत साधं. फिनेलला मी कुणाला हात लावू दिला नाही, धुपालाही नाही. वास झाकायचा नव्हता, काढायचा होता.

काथ्या अंगणात पसरून उन्हात वाळवला, रोज उलटापालटा केला. लाकूड मात्र हट्टी निघालं. दिवसा वास गेलासा वाटे आणि सकाळी दव पडलं की मागच्या पायाला परत येई. लाकडानं आत ओढून घेतलं होतं. आमचे हे फुटक्या काचेच्या तुकड्यानं तो पाय खरवडत बसले. काळं लाकूड निघून आतलं तांबूस लाकूड दिसेपर्यंत खरवडलं. मग मी राखेत पाणी कालवून लेप दिला, वाळल्यावर झाडला, आणि खुर्चीच्या पोटात कोळशाची पाटी ठेवून वरून चादर टाकली. कोळसा वास ओढतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, दुधातुपाच्या फडताळात आम्ही ठेवतोच. त्यानंतरच्या दमट सकाळी मी जिजींनाच वास घ्यायला लावलं. त्यांनी पाय हुंगला, पाठ हुंगली, परत पाय हुंगला आणि मान हलवली. काही नाही. मग सुतारानं लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले, म्हणजे पुढं काही सांडलं तरी लाकूड पिणार नाही. चाचांनी जुना काथ्या, नवा कापूस आणि निळं कापड घालून खुर्ची बांधली.

बोक्याची सोयही केली. खिडकीला जाळी ठोकून घेतली. ओसरीची ती भिंत आणि फरशीही सिरक्यानं धुतली, कारण खुर्ची नवी केली आणि भिंतीला वास राहिला तर बोका पत्ता विसरणार नाही.

आबांना काय सांगायचं, कुणी सांगायचं, हा प्रश्न उरला. मी जायला निघाले तर जिजी म्हणाल्या, तू थांब. त्या स्वतः गेल्या. मी दाराशी उभी होते. जिजींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "आबा, मन्ही चूक व्हयनी. हाई काम तुमनं नही, बोकानं शे. चला, तुमनी जागावर बठा."

आबांनी आधी विश्वास ठेवला नाही. त्यांना वाटलं सून बरं वाटावं म्हणून बोलतेय. तेव्हा मी आत जाऊन कापडाचा एक तुकडा दाखवला, मागच्या बाजूचा, जाळायच्या आधी फाडून ठेवलेला. आबांनी तो नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला. आयुष्यभर गुरंढोरं पाहिलेला माणूस, त्यांना एका हुंगण्यात कळलं. बाजेवर बसल्या बसल्या त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, पण ते हसत होते. म्हणाले, "बोकानी माले बदनाम करी टाकं." मग तांब्या मागितला आणि तोंडाला लावून एका दमात रिकामा केला.

दिवाळीच्या आधी माझा भाऊ मला माहेरी न्यायला आला. आबांनी त्याला ओसरीवर बसवून घेतलं, धानोऱ्याच्या कपाशीची चौकशी केली आणि स्वतः निळ्या खुर्चीत बसून एवढा वेळ बोलले की आमची निघायची वेळ टळली. ओसरीवर आणखी दोघं वाटेकरी वाद घेऊन येऊन बसले होते, त्यांनाही थांबावं लागलं. जिजींनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि लवकर ये म्हणाल्या.

तापीकाठी प्रकाशाला नावेसाठी थांबलो तेव्हा भावानं विचारलं, तिथं कसं आहे. नव्या सुनेला विचारतात तसं, जरा काळजीनं. मी गाडीच्या बैलांना पाणी पाजत होते. म्हटलं, "बरं शे. मन्हं म्हननं ऐकतस."