इसाव्याचा रविवार

त्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात मी व्हते, माझी सून रूथ, आमचा नवा पाळक शमुवेल, त्याची बायको मार्था, त्यांचं तान्हं, आन् भिल्लवस्तीवरच्या बाया. उपदेशाला तालुक्याचा म्हातारा पाळक आलता. आता म्हैन्यातनं एकदा तो येतो, आन् शमुवेलला इसावा मिळतो.

शमुवेल बायांच्या बाजूला येऊन मार्थाशेजारी बसला, पोर मांडीवर घेऊन. एक भिल्लीण म्हनली, "पाळकबाबा, आज बायांत?" त्यानं तिच्याच बोलीत कायतरी उत्तर दिलं, तशा समद्या खदखदल्या. ती बोली शिकवूनच त्याला हितं धाडलाय.

मला मार्थाचा हेवा वाटला.

आमचे हे बी पाळकच व्हते. ह्यांना कुनी काय शिकवलं न्हाई, का बदली मानूस दिला न्हाई. थोरल्या लेकाला सकाळी माती दिली, आन् दुपारी हे उपदेशाला हुबे राह्यले. मी खाली बायांत एकलीच. जल्मात कधी देवळात माझ्याशेजारी बसले न्हाईत.

मार्था गुनाची पोर हाय. पर तिनं त्याच्या खांद्याला डोकं टेकलं, तवा मी तोंड फिरवलं.

वाचनाऱ्यांनो, तुमच्या पाळकाला म्हैन्यातनं एक रविवार बायकोपाशी बसू द्या.