ती दुसरी आली नव्हती

त्या दिवशी खेळाचे सर स्टाफरूममध्ये आले तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. त्यांनी चार छापील पानं माझ्या टेबलावर ठेवली, समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाले की हे इंग्रजी आपल्या आवाक्यातलं नाही, मॅडम, तुम्हीच हातात घ्या. पानं दिल्लीकडच्या एका खासगी विद्यापीठाची होती. तिथं नुसत्या मार्कांवर प्रवेश देत नाहीत. निबंध मागतात, शिक्षकांची पत्रं मागतात, मुलाखत घेतात आणि मग मोजकी मुलं निवडतात. चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्तीही होती. आपल्या पोरीचा नंबर तिथं लागू शकतो, असं सरांचं म्हणणं होतं.

आपली पोरगी म्हणजे बारावी सायन्सची एक मुलगी. किनवटजवळच्या गावातली, सातवीपासून निवासी शाळेच्या वसतिगृहात राहिलेली, अकरावीला नांदेडला आमच्या कॉलेजात आलेली. उंच, सडपातळ, विचारलं तेवढंच बोलणारी. ती चालण्याच्या शर्यतीत उतरायची. पळण्याच्या नव्हे, चालण्याच्या. या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला टेकलेला असावा लागतो आणि पुढे पडणारा पाय गुडघ्यात सरळ राहावा लागतो. त्यामुळं कंबर डोलते, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस हसतो. मीही हसले होते. सकाळी स्टेडियमवर फिरायला गेले की ती पलीकडच्या कडेनं फेऱ्या मारताना दिसायची, आणि पळणाऱ्या पोरांपैकी निम्मी तिच्या मागं असायची.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. काम हातात आलं की ते संपेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. त्यात हे काम मला भलत्याच जागी लागलं. मी तिच्या वयाची असताना हैदराबादच्या एका कॉलेजात जायची माझी तयारी झाली होती. अर्जाला एक कागद जोडायचा राहून गेला आणि मी इथंच राहिले. त्याचं दुःख आता राहिलेलं नाही. पण कुणाचा अर्ज समोर आला की माझे हात आपोआप घाई करायला लागतात.

पहिला निबंध मीच लिहिला. तिला तासभर बसवून काही प्रश्न विचारले, तिनं एकेका वाक्यात उत्तरं दिली आणि उरलेलं मी माझ्या मनानं भरलं. जंगल घातलं, अनवाणी पाय घातले, रॉकेलचा दिवा घातला. अशा ठिकाणी निवडणारी माणसं संघर्ष शोधतात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवला, मराठीत समजावून सांगितला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, हे माझं न्हाई."

काय नाही, ते मी विचारलं.

"आमच्या घरी असं काई न्हाई. पप्पा रेल्वेत परमनंट हायत. लाईट हाय. मी अनवाणी कधी चालले न्हाई, बूट त्यांनीच आणून दिलेत."

मी जरा ओशाळले आणि जरा चिडलेही. मग तू चालायला लागलीस तरी कशी, असं विचारलं. तेव्हा तिनं जे सांगितलं ते तासभराच्या प्रश्नांत आलं नव्हतं. तिचे वडील रुळांची देखभाल करायचे. सुट्टीत ती घरी आली की त्यांचा डबा पुढच्या फाटकापर्यंत पोचवायचं काम तिच्याकडे असायचं. पळालं की वरण सांडायचं. हळू गेलं की त्यांची जेवायची वेळ टळायची. म्हणून ती न पळता जमेल तेवढं भराभर चालायची. वसतिगृहात शाळेच्या सरांनी तिचं ते चालणं बघितलं आणि शर्यतीत घातलं. एवढंच. मी ते लिहून घेतलं, पण मनातून मला ते फार साधं वाटलं. अनवाणी पायांपुढे वरणाचा डबा काय टिकणार, असा माझा हिशोब.

अर्जासोबत खेळताना घेतलेला व्हिडिओ हवा होता. लातूरला विभागीय स्पर्धा होती, तिथं तो घ्यायचा असं ठरलं. सर, ती आणि मी, तिघं पहाटेच्या एसटीनं निघालो. तीन हजार मीटरची शर्यत, म्हणजे मैदानाच्या साडेसात फेऱ्या. मी कडेला मोबाईल धरून उभी. पाचव्या फेरीपर्यंत ती तिसरी होती, सहाव्यात दुसरी झाली. पंच वाटेत जागोजाग उभे राहून पायांकडे बघत होते. पाय चुकला की ते तक्रार नोंदवतात, आणि तीन वेगवेगळ्या पंचांनी नोंदवली की खेळाडू बाद. मला तेव्हा हे नीट माहीत नव्हतं. मी ओरडून तिला जोर लाव म्हणत होते. शेवटच्या फेरीत ती वळणावरून सरळ रेषेवर आली, आणि मुख्य पंचांनी पुढे होऊन तिच्यासमोर लाल फलक धरला.

ती थांबली. बाजूला झाली. छातीवरचा नंबर काढून हातात घेतला. मागच्या मुली तिच्या शेजारून निघून गेल्या. माझा मोबाईल चालूच होता. व्हिडिओत पुढं बराच वेळ नुसतं मैदान दिसतं आणि माझा श्वास ऐकू येतो.

परतताना अहमदपूरच्या स्टँडवर सरांनी भजी आणली. तिनं दोन खाल्ली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मी मनात अर्जाची जुळवाजुळव करत होते. जिल्ह्याचं पहिलं बक्षीस होतं, पण विभागातलं काही नसेल तर तिच्या बक्षिसांची यादी फारच लंगडी दिसणार होती. लोहा गाव येईपर्यंत मी पदर इतका पिळला की त्याला चुण्या पडल्या.

पुढच्या आठवड्यात सरांचं शिफारसपत्र लिहायला घेतलं. ते मराठीत सांगणार, मी इंग्रजीत टाईप करणार आणि त्यांच्याच ईमेलवरून पाठवणार, असं ठरलं होतं. विभागीय स्पर्धेच्या ओळीशी आल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "दुसरी लिहा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मला समजावलं की फलक दाखवला त्या क्षणी ती दुसरीच होती, आणि पन्नास-साठ पावलं राहिली होती. तिकडं दिल्लीला बसून लातूरचा निकाल कोण बघणार. पोरीचं आयुष्य होतं. सर वाईट माणूस नव्हते; त्यांनी स्वतः कितीतरी पोरं पोलीस भरतीला लावून दिली होती, आणि त्यात स्वतःसाठी त्यांना काहीच नको होतं. मी टाईप केलं. विभागात द्वितीय. दोन शब्द. ते लिहिताना माझी बोटं अडखळली, असं मला आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही झालं नाही.

पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी ती लायब्ररीत आली आणि ते बघायला मागितलं. तिला इंग्रजी बोलायला अवघड जायचं, वाचता चांगलं यायचं. तिनं ओळीवर बोट ठेवून वाचलं. बोट थांबलं.

"मॅडम, मी दुसरी आले नव्हते. मला बाद केलं होतं."

मी तिला सरांचंच सगळं ऐकवलं, जरा जास्त चांगल्या भाषेत.

"मुलाखतीत त्यांनी या शर्यतीबद्दल विचारलं तर मी काय सांगू?" तिनं विचारलं. "कशी संपली ते सांगावं लागंल ना?"

मी चिडलेच. मी म्हणाले की तुझ्यासाठी दोन माणसं महिनाभर राबतायत, तिथं देशभरातून मुलं अर्ज करतात, एवढा ताठा असेल तर तुझं तू भर. ती उठली, खुर्ची जागेवर लावली आणि गेली. लायब्ररीतल्या बाईंनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पुढचे दोन दिवस ती कॉलेजात दिसली नाही. मला कुठं बसवेना. वर्गात फळ्यावर लिहिताना शब्द अर्धा सोडून दाराकडे बघायचे. घरी भाजी करपली. सकाळी स्टेडियमवर गेले तर ती तिथंही नव्हती. वसतिगृहात चौकशी करावी असं चार वेळा मनात आलं आणि चारही वेळा मी फाटकापासून परत फिरले. विचारणार काय होते? शेवटची तारीख तर जवळ येत चालली होती. खरं सांगायचं तर मला तिच्या रागापेक्षा त्या तारखेचीच भीती जास्त वाटत होती, आणि हे कळल्यावर मी आणखी अस्वस्थ झाले.

तिसऱ्या दिवशी ती आली ती वही घेऊन. गावी गेली होती, म्हणाली. वहीत तिनं मराठीत दोन पानं लिहिली होती. सुरुवात वरणाच्या डब्यापासून होती. मग लातूर. बाद झाल्यावर अर्ध्या तासानं ती पुन्हा मैदानावर गेली होती आणि मुख्य पंचांना विचारलं होतं की नेमका कोणता पाय चुकला. मी तेव्हा सावलीत चहा पीत होते. मला याचा पत्ताच नव्हता. पंच म्हणाले, डावा, दमलीस की गुडघा वाकतो. तिनं लिहिलं होतं की दम लागल्यावर फक्त डावाच का वाकतो, हे तिला कळत नाही, जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नाही, आणि ते शिकायला तिला पुढे जायचंय.

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग तिला म्हणाले, "परवा मी बोलले ते चुकलं."

"हाव," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "कधीपर्यंत पाठवायचं हाय?"

त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून त्याचं इंग्रजी केलं आणि व्हिडिओ लातूरचाच जोडायचं ठरवलं. मी शोभेचं विशेषण घातलं की ती त्याचा अर्थ विचारायची, आणि अर्थ सांगितला की मलाच ते काढावंसं वाटायचं. वरणाला इंग्रजीत काय म्हणावं यावर बराच वेळ गेला. शेवटी वरणच ठेवलं.

सरांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते दुखावले. म्हणाले, पोरगी अजून लहान आहे, तिला जग माहीत नाही, तुम्हाला तर आहे ना? दोन तास त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं. मग स्वतःच आले आणि नवं पत्र सांगायला बसले. त्यात त्यांनी लातूरचा निकाल जसा होता तसा सांगितला. वर हेही, की पंचांना जाऊन प्रश्न विचारणारी खेळाडू त्यांनी इतक्या वर्षांत दुसरी बघितली नाही. त्यांना ते सगळं माहीत होतं. ती पंचांशी बोलली तेव्हा मैदानावर तिच्या मागं तेच उभे होते.

मुलाखत ऑनलाईन झाली, आमच्या लायब्ररीत. मी बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होते. आतून तिचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा. एकदा ती हसली. ती बाहेर आल्यावर त्यांनी काय काय विचारलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, डाव्या पायाचंच लई विचारलं.

एप्रिलमध्ये उत्तर आलं ते प्रतीक्षायादीचं. ना हो, ना नाही. त्यानंतरचे दोन-अडीच महिने मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारावं. दिवसातून कितीदा तरी ईमेल उघडायचे. तिचा पासवर्ड माझ्याकडे होता. सर एकदाच बोलले, चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता. "दुसरी लिहिलं असतं तर, मॅडम..." आणि वाक्य तिथंच सोडलं. ते वाक्य मी पुष्कळ दिवस डोक्यात घेऊन फिरले.

यादी पुढे सरकली नाही. जूनच्या शेवटी नकार आला. मी तिला फोन केला तेव्हा तिच्या वडिलांनी उचलला. जयभीम मॅडम, म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत सांगितलं की पोरगी पुण्याला चाललीय. तिथल्या एका नावाजलेल्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेसाठी चाचणी होती. तिनं स्वतःच अर्ज भरला होता, आमचाच निबंध जोडून, आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मला आणखी एक काळजी नको. चाचणीत ती पास झाली होती. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत बसले. आनंद झाला होता, पण तो एका जागी थांबत नव्हता.

ती आता तिथं दुसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी फोन आला तेव्हा मी न राहवून विचारलंच, की दिल्लीचं हुकलं त्याचं तुला कधी वाटतं का, त्या एका ओळीमुळं हुकलं असेल असं? ती म्हणाली की तसा विचार तिनं केलाच नव्हता, आता मी म्हणतेय तर करून बघेल. आणि लगेच विचारलं की आई तिच्यासाठी ज्वारीचं पीठ माझ्याकडे आणून देणार आहे, ते नांदेडहून पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवता येईल का, कारण मेसच्या पोळ्यांनी तिचं पोट भरत नाही.